जाळी बसवल्यानंतरची अकरा वर्षं: व्हॉल्ट प्रोलॅप्सचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना सुमनताई म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे घरगुती तपशील बदललेले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका गावात त्यांचं घर. दीड एकर ऊस, दारात दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. तिन्ही बाळंतपणं घरीच झाली, पहिलं अठराव्या वर्षी. तिसऱ्या वेळी कळा दोन दिवस चालल्या होत्या आणि मूल अंगानं मोठं होतं. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत त्या पुन्हा वैरणीला जाऊ लागल्या.

२००३ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, अंग बाहेर येतं म्हणून तालुक्याच्या ठिकाणी त्यांची गर्भपिशवी खालून काढली गेली. डिस्चार्ज कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. त्यावर ऑपरेशनची नोंद एका ओळीत होती: ‘व्हीएच विथ पीएफआर’. म्हणजे योनिमार्गातून गर्भाशय काढलं आणि पुढच्या-मागच्या भिंतींना टाके घातले. पिशवी काढल्यावर योनिमार्गाचा जो शेंडा उरतो, ज्याला आम्ही डॉक्टर व्हॉल्ट म्हणतो, तो कशाला बांधला होता की नुसताच शिवला होता, हे कार्डावर कुठेच नव्हतं.

ही नोंद असणं का महत्त्वाचं, ते सांगायला हवं. अंग बाहेर येतं तेव्हा गर्भाशयात दोष नसतो. ते ज्या बंधांच्या आधारावर असतं ते ताणलेले असतात आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात सैल झालेले असतात. खुंटी निखळली म्हणून तिच्यावरचा सदरा काढून टाकला, तरी खुंटी सैलच राहते. पिशवी काढतानाच व्हॉल्टला युटेरोसॅक्रल बंधांशी, म्हणजे गर्भाशयाला मागच्या हाडाशी धरून ठेवणाऱ्या बंधांशी, नीट बांधून घेतलं नाही, तर काही वर्षांनी तोच शेंडा खाली येतो. यालाच व्हॉल्ट प्रोलॅप्स म्हणतात. आपल्याकडे मात्र ‘पिशवी काढून टाका, प्रश्न मिटला’ हे वाक्य दवाखान्यातही ऐकू येतं आणि घरातही.

अडचण काय होती

२०१२च्या पावसाळ्यात सुमनताई आमच्याकडे आल्या तेव्हा त्या ५४ वर्षांच्या होत्या. सोबत सून होती. तपासणीच्या टेबलावर बसतानाच त्या म्हणाल्या, “पिशवी काढली न्हवं का म्याडम, मग आता काय बाहीर आलंय?”

हा प्रश्न त्या दोन वर्षं मनात घेऊन फिरत होत्या. काढलेली पिशवी पुन्हा वाढली असं गावात कुणी सांगितलं होतं, कॅन्सर आहे असं आणखी कुणी. त्या भीतीपोटीच त्यांनी येणं लांबवलं.

व्हॉल्ट पूर्ण बाहेर आला होता. मापं अशी: शेंडा योनिद्वाराच्या बाहेर ४ सेंटिमीटर, पुढची भिंत बाहेर ३ सेंटिमीटर, मागची भिंत दाराशी, योनिमार्गाची एकूण लांबी ८ सेंटिमीटर. पॉप-क्यू या मापनपद्धतीत ही तिसरी पायरी. बाहेर आलेल्या भागावर कपड्याला घासून रुपयाएवढी जखम झाली होती. लघवी करताना तो गोळा बोटांनी आत ढकलावा लागे, तरीही सोनोग्राफीत लघवीनंतर मूत्राशयात १८० मिलीलीटर लघवी शिल्लक दिसली. वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झालेला. मधुमेह होता आणि आटोक्यात नव्हता, बद्धकोष्ठता जुनी, चुलीच्या धुरामुळे खोकला कायमचा.

त्या दोन वर्षांत त्या लग्नाकार्याला गेल्या नव्हत्या. एसटीत तासभर बसवत नव्हतं. म्हशीचं सगळं सुनेवर पडलं होतं आणि त्याचं ओझं त्यांना दुखण्यापेक्षा जास्त वाटत होतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या अभ्यासाला तेवीस वर्षं उलटून गेल्यावरही, शहरापासून तासाभरावरच्या गावात, एक बाई दोन वर्षं अंग हातानं आत ढकलत राहिली होती. या प्रकरणात पुढे जे घडलं त्यातही हीच तपासणी न होण्याची गोष्ट पुन्हा येते.

समोरचे पर्याय

आधी जखम भरून आणणं आणि साखर खाली आणणं गरजेचं होतं. ग्लिसरीन-ॲक्रिफ्लेविनचा पॅक आणि इस्ट्रोजेनची क्रीम यांनी जखम तीन आठवड्यांत भरली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, ९च्या पुढे होतं, ते साडेसातच्या खाली यायला अडीच महिने लागले. हा वेळ पर्यायांची चर्चा करायला उपयोगी पडला आणि माझ्या मते ती या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. ओपीडीत दहा मिनिटांत सही घेऊन असा निर्णय होत नाही.

पहिला पर्याय रिंगचा, म्हणजे योनिमार्गात बसवून अंग आत धरून ठेवणाऱ्या कड्याचा. आम्ही रिंग बसवून पाहिली. योनिद्वार सैल, खालचा पेरिनियम (योनिद्वार आणि गुदद्वार यांच्यामधला भाग) पातळ, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात वैरणीचा भारा उचलताना ती निसटली. मोठ्या मापाची रिंग टोचू लागली. रिंग हा उत्तम उपाय आहे आणि तो आधी करून बघायलाच हवा. या बाईंच्या बाबतीत तो टिकला नाही.

दुसरा, योनिमार्ग बंद करून टाकण्याचा. ऑपरेशन छोटं, परत अंग येण्याची शक्यता अगदी कमी, पण पुढे नवरा-बायकोचे संबंध राहत नाहीत. हे विचारायला सुनेला बाहेर बसवलं. सुमनताई आधी गप्प झाल्या, मग स्पष्टपणे म्हणाल्या, “ते न्हाई चालायचं.” ‘या वयात काय करायचंय’ असं गृहीत धरून हा प्रश्नच न विचारण्याची पद्धत आहे. तो विचारलाच पाहिजे.

तिसरा, सॅक्रोस्पायनस फिक्सेशन. योनिमार्गातूनच व्हॉल्टला ओटीपोटातल्या एका मजबूत बंधाला टाक्यांनी बांधायचं. जाळी, म्हणजे आधारासाठी शरीरात कायमची बसवायची कृत्रिम धाग्यांची पट्टी, लागत नाही, कमरेत इंजेक्शन देऊन होतं, खर्च कमी. तोटा असा की शेंडा एका बाजूला आणि मागे ओढला जातो, पुढची भिंत उघडी राहते आणि मूत्राशय पुन्हा खाली येण्याचं प्रमाण जास्त असतं. सुमनताईंची पुढची भिंत आधीच ३ सेंटिमीटर बाहेर होती.

चौथा, योनिमार्गातून जाळी बसवण्याचा. बाजारात तेव्हा त्यासाठी तयार किट मिळत होती. हा पर्याय आम्ही सरळ बाजूला ठेवला. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं २००८ मध्ये पहिली आणि जुलै २०११ मध्ये दुसरी, अधिक कडक सूचना काढली होती: योनिमार्गातून घातलेल्या जाळीचे त्रास क्वचित होणारे नाहीत आणि फायदा सिद्ध झालेला नाही. पुढे एप्रिल २०१९ मध्ये एफडीएनं अंग बाहेर येण्यावरच्या अशा जाळ्यांची विक्रीच थांबवायला लावली. ऑस्ट्रेलियानं हे पाऊल २०१७ मध्येच उचललं होतं. ‘जाळी वाईट’ असं सरसकट बोललं जातं ते यामुळे. पण पोटातून बसवलेल्या जाळीवर ही बंदी नव्हती. फरक जागेचा आहे: योनिमार्गातून घालताना जंतू असलेल्या जागेतून छेद घेऊन जाळी त्याच छेदाखाली ठेवली जाते, पोटातून बसवताना योनिमार्गाची कातडी अखंड राहते.

पाचवा पर्याय सॅक्रोकोल्पोपेक्सी. व्हॉल्टला पुढून-मागून जाळी शिवायची आणि तिचं दुसरं टोक कण्याच्या तळाच्या हाडावर, त्रिकास्थीच्या वरच्या कडेवर, बंधाला टाके घालून पक्कं करायचं. पोट उघडून करता येतं, तसंच दुर्बिणीनंही. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन वर्षांनी दुर्बिणीच्या सॅक्रोकोल्पोपेक्सीत तपासणीनुसार यश ७७ टक्के होतं, योनिमार्गातून जाळी घातलेल्या गटात ४३ टक्के.

इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवते. या हाडाला टाका घालण्याची कल्पना मुंबईला नवीन नाही. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्या स्लिंग ऑपरेशनमध्ये गर्भाशयाच्या मानेच्या मागून पट्टी नेऊन ती याच हाडाला बांधतात. मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांची सर्व्हायकोपेक्सी पट्टी पुढे पोटाच्या भिंतीला नेते. तरुणपणीच अंग बाहेर येणाऱ्या, पिशवी राखायची असलेल्या बाया आपल्याकडे होत्या, म्हणून ही ऑपरेशनं आपल्याकडे घडली. २००३ साली सुमनताईंना असा पिशवी राखणारा पर्याय सांगितला गेला नव्हता.

निर्णय

सुमनताईंनी दुर्बिणीचं ऑपरेशन निवडलं. कारणं त्यांची होती: मोठी जखम नको, लवकर उठता आलं पाहिजे, आणि “पुन्यांदा हे नको.”

पैशांचा प्रश्न होताच. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना त्याच वर्षी जुलैमध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, कोल्हापूर त्यात नव्हता. एक म्हैस विकली, बाकी सोसायटीतून उचललं. हा खर्च डोळ्यांसमोर असताना ‘ऑपरेशन किती वर्षं टिकेल?’ हा प्रश्न नवऱ्यानं विचारला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा गाभा या प्रश्नात आहे.

त्या वेळी आमच्यापाशी जे होतं ते सांगितलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात शेंडा जागेवर राहण्याचं प्रमाण ७८ ते १०० टक्के आणि योनिमार्गाच्या कातडीतून जाळी उघडी पडण्याचं प्रमाण साधारण ३.४ टक्के होतं. म्हणजे शंभरात तीन-चार. पण त्या आढाव्यातल्या बऱ्याच अभ्यासांचा फॉलोअप काही महिने ते दोन-तीन वर्षांचा होता.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी, मे २०१३ मध्ये, ‘जामा’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या केअर अभ्यासाचे सात वर्षांचे निष्कर्ष आले. पोट उघडून सॅक्रोकोल्पोपेक्सी केलेल्या ३२२ स्त्रिया त्यात होत्या. सात वर्षांपर्यंत जाळी किंवा टाका उघडा पडण्याची शक्यता १०.५ टक्के निघाली. तपासणीनुसार अंग पुन्हा खाली येण्याची शक्यता साधारण चारात एक. त्या अभ्यासात जाळ्या निरनिराळ्या होत्या. काही आज कुणी वापरणार नाही अशा, त्यामुळे हा आकडा आजच्या हलक्या, मोठ्या छिद्रांच्या पॉलिप्रॉपिलिन जाळीला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी त्यातून निघालेली एक गोष्ट कुठल्याही जाळीला लागू आहे: त्रासांची संख्या दोन वर्षांनी थांबत नाही, वर्षागणिक वाढत जाते.

आणखी एक निर्णय लघवीचा होता. अंग बाहेर आलेलं असताना मूत्रनलिका मुडपलेली असते. अंग वर बसवलं की ती सरळ होते आणि खोकताना लघवी सुटू लागते. केअर अभ्यासातच, आधी असा त्रास नसलेल्या स्त्रियांत, सोबत मूत्राशयाच्या मानेचे टाके न घातलेल्या गटात तीन महिन्यांनी ४४.१ टक्क्यांना हा त्रास झाला, टाके घातलेल्या गटात २३.८ टक्क्यांना. सुमनताईंचं अंग वर धरून, मूत्राशय भरलेलं असताना खोकायला लावलं तेव्हा दोन थेंब आले. पण लघवी शिल्लक राहत होती, म्हणजे आणखी एक अडथळा घालणं धोक्याचं. सोबत काही न करता, गरज पडली तर नंतर बघू असं ठरलं.

शस्त्रक्रिया

नोव्हेंबर २०१२. चार छोटे छेद, डोकं खाली केलेलं टेबल, पावणेतीन तास. अवघड जागा दोन. पहिली त्रिकास्थीच्या कडेची: डावीकडे मोठी शीर, उजवीकडे मूत्रवाहिनी, मधोमध हाडावरच्या बारीक रक्तवाहिन्या. तिथे रक्तस्राव झाला तर थांबवणं कठीण. दुसरी मूत्राशय आणि व्हॉल्ट यांच्यामधली. आधीच्या ऑपरेशनमुळे ती चिकटलेली होती आणि सोडवताना कातडी एका ठिकाणी फार पातळ झाली. छिद्र पडलं नाही, पण त्या जागेची नोंद ऑपरेशन नोट्समध्ये आहे आणि पुढे ती कामाला आली.

जाळी दोन पट्ट्यांची, पुढे एक, मागे एक. मागची पट्टी योनिमार्गाच्या वरच्या निम्म्या भागापर्यंत नेली, पेरिनियमपर्यंत नाही. योनिमार्गावरचे टाके वेणीसारख्या विणलेल्या, न विरघळणाऱ्या धाग्याचे होते. हाडावर दोन टाके. जाळी ताणून न बांधता सैल ठेवली आणि वरून पोटातला पातळ पडदा शिवून पूर्ण झाकली, म्हणजे आतडी तिला चिकटत नाहीत. तिसऱ्या दिवशी सुमनताई घरी गेल्या. जाताना सांगितलं: तीन महिने पाण्याची घागरसुद्धा नाही, आणि ताप येऊन कंबर जोरात दुखली तर लगेच या, कारण क्वचित हाडापाशी संसर्ग होतो.

पहिली तीन वर्षं

सहा आठवड्यांनी आणि वर्षानं शेंडा आत ७ सेंटिमीटरवर होता. लघवी पूर्ण होऊ लागली, संसर्ग थांबले. वर्षानं आल्या तेव्हा त्या पंढरपूरला जाऊन आल्या होत्या, एसटीनं. तिसऱ्या वर्षीही मापं तीच.

खोकताना लघवी सुटण्याचा त्रास मात्र पहिल्या सहा महिन्यांतच सुरू झाला. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकवले आणि ते नीट होतात की नाही हे आत बोट घालून तपासलं. नुसतं तोंडी सांगितलं तर निम्म्या बाया उलट खाली जोर करतात. घरात गॅस आला, चूल सुटली, खोकला कमी झाला आणि त्रासही बराच उतरला. मूत्रनलिकेखाली आधाराची टेप बसवण्याचं छोटं ऑपरेशन सुचवलं होतं, त्यांनी नको म्हटलं.

२०१५ नंतर त्या आल्या नाहीत. त्रास नव्हता, आम्हीही बोलावलं नाही. आमच्या नोंदीत हे प्रकरण ‘यशस्वी’ म्हणून बंद झालं.

आठवं वर्ष

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये अंगावरून तपकिरी पाणी जायला लागलं. गावाजवळच्या दवाखान्यात दाखवलं. तिथे ‘पांढरं जातंय’ म्हणून आत ठेवायच्या गोळ्या मिळाल्या. पुढच्या सहा महिन्यांत तीन वेळा त्याच गोळ्या. आत तपासणी एकदाही झाली नाही. त्या डॉक्टरांना जाळीबद्दल माहीत असण्याचं कारणही नव्हतं. आमच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत ऑपरेशनचं लांबलचक नाव आणि त्यापुढे ‘विथ मेश’ एवढंच होतं. जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर, ज्यावर प्रकार, कंपनी आणि बॅच असते, तो आमच्या केसपेपरला चिकटवलेला आणि केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये.

जानेवारी २०२१ मध्ये सून त्यांना घेऊन आली. “आत्याबाईंना काटा टोचल्यागत हुतंय,” ती म्हणाली. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून आत पाहायचं साधन) घालून पाहिलं तर शेंड्याच्या पुढच्या बाजूला, जिथे कातडी पातळ झाली होती त्याच जागी, ५ मिलिमीटर जाळी उघडी दिसत होती आणि तिच्यात एका टाक्याची गाठ. वयानं इस्ट्रोजेन ओसरलेलं, साखर पुन्हा वाढलेली, कातडी कागदासारखी. शेंडा मात्र जागेवर होता.

पर्याय तीन होते. त्रास नसता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं, उघडी जाळी दिसली की कापायलाच हवी असं नाही. त्रास होता म्हणून इस्ट्रोजेन क्रीम, आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा. तीन महिन्यांत कडा सुधारल्या पण गाठ तशीच, स्रावही सुरू. मग योनिमार्गातून, कमरेत इंजेक्शन देऊन, गाठ आणि तेवढाच उघडा तुकडा काढला, कडा सोडवून कातडी शिवली. तिसरा पर्याय पूर्ण जाळी काढण्याचा. तो नवऱ्यानंच विचारला: “सगळी काढून टाकली तर?” आठ वर्षांत ती शरीरात मुरलेली असते. हाडापासून सोडवताना शिरांना, मूत्राशयाला, आतड्याला इजा होण्याचा धोका मोठा आणि काढली की आधार गेला. सतत वेदना, खोल संसर्ग किंवा आतड्या-मूत्राशयात शिरलेली जाळी असेल तर तो धोका पत्करावा लागतो. इथे तसं काही नव्हतं.

जखम भरली. स्राव थांबला. क्रीम आठवड्यातून दोनदा कायम ठेवली.

अकरावं वर्ष

२०२३च्या अखेरीस आम्ही बोलावल्यावर त्या आल्या. वय ६५. शेंडा आत ६ सेंटिमीटरवर, पुढची भिंत ठीक. मागची भिंत मात्र ताण दिल्यावर योनिद्वारापर्यंत येत होती. शौचाला कधी कधी खालून हातानं आधार द्यावा लागे. मागची पट्टी जिथे संपते त्याच्या खालचा हा भाग. तिथे जाळी नव्हतीच.

मागच्या भिंतीची साधी दुरुस्ती, जाळी न वापरता, सुचवली. त्यांनी विचार करायला महिना घेतला आणि नाही म्हणून कळवलं. रोज रात्री इसबगोल, पाणी वाढवणं आणि व्यायाम यावर त्यांचं चाललं आहे. वैरणीचा भारा आता नातू आणतो, धार त्या स्वतः काढतात.

निकाल कसा मोजायचा

तपासणीच्या काटेकोर व्याख्येनं पाहिलं तर हे ऑपरेशन फसलं. मागची भिंत दाराशी आहे, जाळी उघडी पडली, एक दुसरं ऑपरेशन झालं, लघवी थोडी सुटते. ज्यासाठी ऑपरेशन केलं त्या शेंड्यापुरतं पाहिलं तर अकरा वर्षांनी ते उत्तम टिकलं आहे. आणि सुमनताईंना विचारलं तर त्या २०१२शी तुलना करतात: गोळा नाही, लघवीला हात लावावा लागत नाही, एसटीत बसता येतं. पुन्हा तीच निवड कराल का, यावर त्यांचं उत्तर “व्हय, पण त्या सहा म्हयन्यांचं आधी सांगायला पायजे हुतं.”

इंग्लंडमध्ये, गर्भाशय राखून दुर्बिणीनं जाळी बसवलेल्या १,१२१ स्त्रियांची माहिती गोळा केली गेली. ऑपरेशनला सरासरी चारेक वर्षं झालेली. जाळीचे त्रास अर्ध्या टक्क्याहूनही कमी, शेंडा पुन्हा खाली आल्यानं ऑपरेशन चार टक्क्यांच्या आत, पण कुठल्याही भिंतीसाठी पुन्हा ऑपरेशन साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. पिशवी राखली तर योनिमार्गाचा शेंडा कापलेला-शिवलेला नसतो, हे तिथल्या कमी त्रासाचं एक कारण असावं. म्हणून तो आकडा पिशवी काढून झालेल्या बाईला सांगून चालणार नाही. सुमनताईंसारखी आधी टाके पडलेली, पाळी गेलेली, मधुमेह असलेली बाई समोर असेल तर मी आज केअरचा दहातला एक सांगते, आणि तो सातव्या वर्षापर्यंतचा आहे हेही सांगते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठा निर्णय २००३चा होता. तेव्हा व्हॉल्ट नीट बांधून त्याची नोंद झाली असती, किंवा पिशवी राखून आधार दिला असता, तर कदाचित जाळीची वेळ आली नसती. अंग बाहेर येतं म्हणून पिशवी काढणाऱ्या प्रत्येकानं कार्डावर ‘व्हॉल्ट कशाला बांधला’ ही एक ओळ लिहावी. तिचा खर्च शून्य आहे.

२०१२च्या निवडीत मी आजही जाळीचं ऑपरेशनच सुचवेन, पण योनिमार्गावर विणलेल्या कायमच्या धाग्याऐवजी हळू विरघळणारा, एकेरी धागा वापरेन. पातळ झालेल्या कातडीवर जाळी टेकवण्याआधी आजूबाजूचा थर तिच्यावर ओढून घेता येतो, तेही करता आलं असतं. इस्ट्रोजेन क्रीम जखम भरल्यावर थांबवली होती. पाळी गेलेल्या बाईत, दुसरं काही आड येत नसेल तर, ती ऑपरेशननंतरही चालू ठेवण्याकडे माझा कल आहे. त्यानं जाळी उघडी पडणं टळतं असं ठामपणे म्हणता येत नाही, कातडीचा कोरडेपणा मात्र नक्की कमी होतो. मागच्या पट्टीची लांबी हा खरोखर वादाचा मुद्दा आहे. ती खाली नेली असती तर आजची मागची भिंत कदाचित वाचली असती, पण गुदाशयाजवळ जाळी नेल्यानं शौचाचे त्रास आणि उघडी पडण्याची शक्यता वाढते. त्यांची जुनी बद्धकोष्ठता पाहता मी ती आजही वरच थांबवीन.

पण सर्वांत जास्त नुकसान ऑपरेशन थिएटरबाहेर झालं: तिसऱ्या वर्षानंतर कुणी बोलावलं नाही आणि जाळी शरीरात आहे हे गावातल्या डॉक्टरांना कळायचा मार्ग नव्हता. पाच मिलिमीटरची उघडी जाळी सहा महिने गोळ्यांखाली लपून राहिली.

आता आमच्याकडे जाळी बसवलेल्या प्रत्येक बाईला मराठीत छापलेलं एक जाड कार्ड मिळतं. मागे जाळीचा मूळ स्टिकर, दुसरा केसपेपरवर. पुढे ठळक अक्षरांत: ‘माझ्या पोटात जाळी आहे. अंगावरून लाल किंवा तपकिरी जात असेल, टोचत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल किंवा ताप येऊन कंबर दुखत असेल, तर गोळ्या देण्याआधी आत तपासणी करा.’ खाली बाईचा आणि घरातल्या आणखी एकाचा फोन नंबर, कारण बाईंचा नंबर बहुतेक वेळा मुलाच्या नावावर असतो आणि मुलगा पुण्याला असतो. वर्षातून एकदा सिस्टर फोन करतात आणि चार प्रश्न विचारतात: काही बाहेर येतं का, अंगावरून काही जातं का, लघवी-शौचाचा त्रास आहे का, दुखतं का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की तपासणीची तारीख तिथेच फोनवर देतात. सुमनताईंचा पुढचा फोन दिवाळीनंतरचा आहे आणि तो सुनेच्या नंबरवर जाणार आहे, कारण तसं त्यांनीच सांगितलं आहे.